घशाचा कर्करोग : उपचार आहेत, पण टहरौलीपासून किती दूर?

टहरौली (झाशी), विशेष विश्लेषण : देशातील प्रत्येक जिल्हा रुग्णालयात येत्या तीन वर्षांत कर्करोगासाठी डे-केअर केंद्र उभारण्याची घोषणा केंद्रीय अर्थमंत्र्यांनी 1 फेब्रुवारी 2025 रोजी अर्थसंकल्प मांडताना केली. त्यांपैकी 200 केंद्रे 2025-26 या आर्थिक वर्षात सुरू करण्याचे उद्दिष्ट ठरवण्यात आले. रुग्णाला सकाळी दाखल करून, सलाइनद्वारे औषध देऊन संध्याकाळी घरी पाठवायचे, असे या केंद्रांचे साधे स्वरूप आहे. स्तनाचा किंवा रक्ताचा कर्करोग असलेल्या अनेक रुग्णांची महानगरांकडे होणारी धाव त्यामुळे कमी होऊ शकेल. घशाच्या कर्करोगाच्या रुग्णाला मात्र या केंद्राचा नेमका किती उपयोग होईल, हा प्रश्न वेगळा आहे. बुंदेलखंडातील टहरौलीसारख्या तहसिलीतून पाहिले, तर त्याचे उत्तर बरेच गुंतागुंतीचे निघते.

महाराष्ट्रातील वाचकाला झाशी म्हटले की नेवाळकरांची गादी आणि 1857 चा रणसंग्राम आठवतो. आजचा झाशी जिल्हा 2011 च्या जनगणनेनुसार 19 लाख 98 हजार 603 लोकसंख्येचा असून झाशी, मोठ, मऊरानीपूर, गरौठा आणि टहरौली या तहसिलींत विभागलेला आहे. टहरौलीचा परिसर बेतवा आणि धसान या नद्यांच्या दरम्यान पसरलेला आहे. झाशीहून कानपूरकडे जाणारा लोहमार्ग या भागाच्या एका बाजूने जातो, तर माणिकपूरकडे जाणारा दुसऱ्या बाजूने. मधल्या गावांना रस्त्यावाचून पर्याय नाही. जमीन खडकाळ, पाऊस बेभरवशाचा आणि हंगाम संपला की दिल्ली, गुजरात किंवा महाराष्ट्राकडे मजुरीसाठी स्थलांतर, अशी येथील जीवनाची घडी आहे. उपचारांचा विचार करताना ही घडी बाजूला ठेवता येत नाही, कारण घशाच्या कर्करोगाचा उपचार रुग्णाकडे नेमक्या त्याच गोष्टी मागतो ज्या या घडीत बसत नाहीत : सलग दोन महिन्यांचा वेळ, सोबतीला एक धडधाकट माणूस आणि रोजचे सकस अन्न.

घशाचा कर्करोग हा शब्द व्यवहारात सैलपणे वापरला जातो. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने त्यात स्वरयंत्र, त्याच्या मागील व खालील ग्रसनीचा भाग आणि जिभेच्या मुळापासून टॉन्सिलपर्यंतचा भाग अशा वेगवेगळ्या ठिकाणच्या गाठी येतात. तोंडाच्या कर्करोगाशी त्यांचे नाते जवळचे असले, तरी एक भेद निर्णायक आहे. गालाच्या आतील चट्टा किंवा जिभेवरची जखम आरशात दिसते, दाताच्या डॉक्टरला दिसते, प्रशिक्षित आशा कार्यकर्तीलाही दिसू शकते. स्वरयंत्रावरील गाठ मात्र तोंड उघडून दिसत नाही. तिच्यासाठी कान-नाक-घसा तज्ज्ञाचा आरसा किंवा दुर्बिणीची नळी लागते. केरळमधील तिरुवनंतपुरम जिल्ह्यात झालेल्या आणि 2005 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने केवळ डोळ्यांनी तोंड तपासल्यास तंबाखू वा मद्य सेवन करणाऱ्यांमधील मुखकर्करोगाचे मृत्यू सुमारे एक तृतीयांशाने घटतात, असे दाखवून दिले. तोंडाच्या तपासणीचा हा सोपा मार्ग घशाच्या खोल भागाला लागू पडत नाही.

या आजारातील तफावतही मोठी आहे. स्वरतंतूपुरती मर्यादित असलेली लहान गाठ केवळ किरणोपचाराने दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत बरी होते आणि आवाजही टिकतो. तीच गाठ कूर्चेपर्यंत किंवा मानेतील लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचली की बरे होण्याची शक्यता निम्म्यावर येते, शिवाय स्वरयंत्र काढण्याची वेळ येते. या दोन अवस्थांमधील अंतर अनेकदा काही महिन्यांचेच असते. भारतात डोके व मान या भागातील कर्करोगाचे बहुसंख्य रुग्ण दुसऱ्या अवस्थेत रुग्णालयात पोहोचतात.

आवाज बसला, पुढे काय?

तीन आठवड्यांहून अधिक काळ आवाज बसलेला राहिला तर स्वरयंत्र पाहून घ्यावे, हा वैद्यकशास्त्राचा जुना नियम आहे. बुंदेलखंडातील खेड्यात बसलेला आवाज हे आजाराचे लक्षण मानलेच जात नाही. थंडी, धूळ, मळणीचा भुसा, बिडी किंवा वय यांपैकी कोणते तरी कारण हाताशी असते. गिळताना अडकणे, कानात जाणारी कळ आणि मानेतील न दुखणारी गाठ यांचेही असेच होते. न दुखणारी गाठ दाखवण्यासाठी एका दिवसाची मजुरी बुडवणे हाताववर पोट असलेल्या माणसाला अवाजवी वाटते. त्याला अज्ञान म्हणून झटकून टाकणे सोपे आहे, परंतु त्यामागे एक हिशेब असतो आणि तो त्याच्या बाजूने बरोबरच असतो.

दुखणे वाढल्यावर पहिली भेट होते ती गावातील नोंदणी नसलेल्या डॉक्टरची. हिंदीत झोलाछाप या शेलक्या नावाने त्याची संभावना होत असली, तरी तो जवळ असतो, रात्रीही भेटतो आणि उधारीवर औषध देतो. प्रतिजैविके व स्टेरॉइडची इंजेक्शने दिली जातात. स्टेरॉइडने सूज तात्पुरती उतरते, आवाज थोडा सुधारतो आणि त्या सुधारणेतच मौल्यवान आठवडे निघून जातात.

सरकारी यंत्रणेत शिरल्यावरही वाट सरळ नाही. खोकला, आवाजातील बदल आणि घटलेले वजन या तिन्ही गोष्टी क्षयरोगाकडे बोट दाखवतात. क्षयरोगाची तपासणी आज तळागाळापर्यंत पोहोचली आहे आणि ही मोठी उपलब्धी आहे. पण थुंकीचा अहवाल नकारात्मक आला की ‘क्षय नाही’ याचा अर्थ ‘काही नाही’ असा लावला जातो. पुढची पायरी कोणती, हे सांगणारी व्यवस्था तेथे संपते. भारतीय सार्वजनिक आरोग्य मानकांनुसार सामुदायिक आरोग्य केंद्रात शल्यचिकित्सक, फिजिशियन, स्त्रीरोगतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ अपेक्षित आहेत. कान-नाक-घसा तज्ज्ञाची अपेक्षा प्रामुख्याने जिल्हा रुग्णालयाकडून आहे. म्हणजे सर्व पदे भरलेली आहेत असे क्षणभर गृहीत धरले, तरी स्वरयंत्र पाहू शकणारा पहिला डॉक्टर टहरौलीच्या रुग्णाला झाशी शहरातच भेटणार.

विशेष म्हणजे हा आजार हेरण्याची एक सोय कागदावर आधीपासून आहे. असंसर्गजन्य आजारांच्या राष्ट्रीय कार्यक्रमांतर्गत तिशीवरील प्रत्येक व्यक्तीसाठी आशा कार्यकर्ती एक प्रश्नावली भरते. तोंडातील न भरणारी जखम, पांढरा वा लाल चट्टा, तोंड उघडण्यास त्रास यांबरोबरच आवाजात बदल झाला आहे काय, हा प्रश्नही तिच्यात आहे. त्याचे उत्तर होय असे आले, तर त्या व्यक्तीला वैद्यकीय अधिकाऱ्याकडे पाठवायचे असते. येथे साखळी तुटते. वैद्यकीय अधिकारी तोंड पाहतो, तेथे काही दिसत नाही आणि रुग्ण ‘तपासणी झालेला’ म्हणून नोंदला जातो. मुख, स्तन आणि गर्भाशयमुख या तीन कर्करोगांसाठी कार्यक्रमाची रचना झाली असल्याने आवाजाच्या प्रश्नाला पुढचा पत्ताच देण्यात आलेला नाही. प्रश्न विचारून उत्तराची वाट न ठेवणे हा या कार्यक्रमातील सर्वांत स्वस्तात दुरुस्त होण्याजोगा दोष म्हणावा लागेल.

महाराष्ट्रातील एक जुना अनुभव या संदर्भात उल्लेखनीय आहे. सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे 1987 मध्ये देशातील पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी सुरू झाली. ग्रामीण रुग्ण आपणहून नोंदणीकडे येणार नाहीत, हे ओळखून कार्यकर्ते गावोगाव फिरले, लोकांशी लक्षणांविषयी बोलले आणि संशयित रुग्णांना रुग्णालयात पाठवत राहिले. मूळ हेतू केवळ मोजणीचा होता. परंतु काही वर्षांतच गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे रुग्ण पूर्वीपेक्षा आधीच्या अवस्थेत येऊ लागल्याचे तेथील संशोधकांनी नोंदवले. महागडे यंत्र न आणता, नियमित येणाऱ्या माणसाच्या बोलण्यातून आणि पाठपुराव्यातून अवस्था बदलली. बुंदेलखंडाचा बहुतांश भाग अशा नोंदणीच्या बाहेर राहिला आहे. राष्ट्रीय कर्करोग नोंदणी कार्यक्रमाच्या 2020 च्या अहवालात लोकसंख्येवर आधारित 28 नोंदणी केंद्रांची माहिती होती व त्यांच्या कक्षेत देशाची सुमारे दहा टक्के लोकसंख्या येत होती. जेथे मोजणी नाही तेथे मागणी नाही आणि मागणी नसलेल्या ठिकाणी यंत्र मंजूर होत नाही.

पस्तीस दिवसांची परीक्षा

निदान झाल्यानंतरचा टप्पा अधिक खर्चिक आहे, पण पैशाचा भाग त्यातल्या त्यात सुटलेला आहे. 23 सप्टेंबर 2018 रोजी सुरू झालेल्या आयुष्मान भारत प्रधानमंत्री जनआरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण मिळते. शस्त्रक्रिया, किरणोपचार व किमोथेरपी यांचा त्यात समावेश आहे आणि उत्तर प्रदेशचे कार्ड अन्य राज्यातील संलग्न रुग्णालयातही चालते. या योजनेचे महत्त्व कमी लेखता येणार नाही. योजना सुरू होण्यापूर्वीच्या काळातील, म्हणजे 2017-18 च्या राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात कर्करोगासाठी रुग्णालयात दाखल होण्याचा सरासरी वैद्यकीय खर्च सरकारी रुग्णालयात सुमारे साडेबावीस हजार, तर खासगी रुग्णालयात सुमारे 93 हजार रुपये आढळला होता आणि तो इतर सर्व आजारांपेक्षा अधिक होता. जमीन गहाण पडण्याची परिस्थिती त्यातून येत असे.

तरीही योजनेच्या कडेला काही गोष्टी राहून जातात. ती मुख्यत्वे दाखल रुग्णासाठी आहे. दाखल होण्याआधीचे तीन दिवस व नंतरचे पंधरा दिवस वगळता बाह्यरुग्ण विभागातील तपासण्यांचा खर्च तिच्यात येत नाही. घशाच्या कर्करोगात दुर्बिणीची तपासणी, बायोप्सी आणि सीटी स्कॅन हे सारे दाखल होण्यापूर्वीच, अनेकदा काही आठवडे आधी घडते. निदानाचाच खर्च खिशातून करावा लागत असल्याने काही रुग्ण बायोप्सीचा कागद हातात येण्यापूर्वीच माघारी फिरतात. त्यांची नोंद कोठेही होत नाही, कारण योजनेच्या दृष्टीने ते कधी रुग्ण झालेच नव्हते. लाभार्थींची मूळ यादी 2011 च्या सामाजिक-आर्थिक जातगणनेवर बेतलेली असल्यामुळे त्या वेळी मजुरीसाठी बाहेर असलेल्या कुटुंबांची अडचण वेगळीच.

यानंतर येतो तो किरणोपचार आणि खरी कसोटी तेथे लागते. घशाच्या कर्करोगासाठी साधारणपणे आठवड्यातील पाच दिवस याप्रमाणे 30 ते 35 मात्रा दिल्या जातात. एका मात्रेला काही मिनिटे पुरतात, परंतु ती चुकवता येत नाही. ठरलेल्या मुदतीपेक्षा उपचार लांबला तर प्रत्येक दिवसागणिक रोग आटोक्यात येण्याची शक्यता सुमारे एक ते दीड टक्क्याने घटते, असे किरणोपचारशास्त्रातील अभ्यासांचे अनुमान आहे. आठवडाभराचा खंड म्हणजे जवळपास दहा टक्क्यांचे नुकसान. कोणत्याही औषधाच्या शोधाने मिळालेला फायदा एवढ्या सहज गमावला जात नसेल.

हा खंड का पडतो, याची कारणे रुग्णालयात सापडत नाहीत. मार्च-एप्रिलमध्ये गहू, हरभरा आणि वाटाण्याची कापणी असते. बुंदेलखंडात मोकाट सोडलेल्या जनावरांची, स्थानिक भाषेत अन्ना प्रथेची, समस्या इतकी तीव्र आहे की उभ्या पिकाची राखण रात्रभर करावी लागते. रुग्णासोबत घरातील कर्ता माणूस सात आठवडे शहरात राहिला, तर शेत जनावरांच्या हवाली होते. मुले मजुरीसाठी बाहेर असतील, तर सोबत म्हातारी पत्नी जाते आणि कागदपत्रे, सही, रक्तपेढी, रांग यांत तिची ससेहोलपट होते. रुग्ण स्त्री असेल तर प्रश्न अधिक बिकट. तिला घेऊन जाण्यासाठी पुरुषाला रजा काढावी लागते आणि घर तिच्याविना सात आठवडे चालले पाहिजे. गिळताना त्रास होतो म्हणून पातळ वरणावर दिवस काढणारी आणि कोणालाच न सांगणारी स्त्री हे डॉक्टरांच्या परिचयाचे चित्र आहे. ग्रसनीच्या खालच्या भागाच्या कर्करोगाचा दीर्घकालीन रक्तक्षयाशी संबंध वैद्यकशास्त्राला जुना माहीत आहे आणि पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 15 ते 49 वयोगटातील 57 टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला होता. म्हणजे तंबाखूला हात न लावलेली स्त्रीही या आजाराच्या कक्षेत येऊ शकते.

किरणोपचाराच्या तिसऱ्या आठवड्यापासून तोंड व घसा आतून सोलवटतो, लाळ आटते, चव जाते. पोळी गिळणे अशक्य होते. वजन फार घटले तर चेहऱ्यावर बसवलेला प्लास्टिकचा साचा सैल पडतो आणि किरणांची आखणी नव्याने करावी लागते. दूध, अंडी, डाळीचे पाणी, नळीवाटे देण्याचे पातळ अन्न या गोष्टी औषधाइतक्याच आवश्यक ठरतात. क्षयरोगाच्या रुग्णाला सरकार निक्षय पोषण योजनेतून दरमहा थेट रक्कम देते आणि नोव्हेंबर 2024 पासून ती 500 वरून 1,000 रुपये करण्यात आली. पोषणावाचून उपचार तडीस जात नाही हे तत्त्व तेथे मान्य झाले आहे. घशाच्या कर्करोगाच्या रुग्णाला, ज्याचा आजारच अन्नमार्गावर बसलेला आहे, अशी देशव्यापी तरतूद नाही.

प्रवासाचेही असेच आहे. कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेच्या शयनयान आणि वातानुकूलित तृतीय वर्गात पूर्ण सवलत मिळते, सोबत्यालाही 75 टक्के सूट असते. झाशी स्थानकातून पंजाब मेल पकडून मुंबई गाठणाऱ्यांना तिचा आधार होतो. पण सवलत झाशी स्थानकावर सुरू होते. टहरौलीच्या गावापासून तेथपर्यंतचा प्रवास बस, टेम्पो किंवा उसन्या मोटारसायकलीवर होतो. हरियाणाने आपल्या राज्य परिवहन बसमध्ये कर्करोग रुग्णांना मोफत प्रवास दिला, तो याच कारणासाठी. रोजच्या उपचारात पहिला पन्नास किलोमीटरचा टप्पा शेवटच्या हजार किलोमीटरपेक्षा महाग पडतो.

झाशी, ग्वाल्हेर की परळ

झाशीतील महाराणी लक्ष्मीबाई वैद्यकीय महाविद्यालय 1968 पासून कार्यरत असून सभोवतालच्या जिल्ह्यांचा, तसेच लगतच्या मध्य प्रदेशातील भागाचा भार त्यावर पडतो. तेथून पुढे ग्वाल्हेरचे कर्करोग रुग्णालय सुमारे शंभर किलोमीटरवर आहे. कानपूर, लखनौ आणि दिल्ली हे आणखी दूरचे पर्याय. टाटा स्मारक केंद्राने 2019 मध्ये वाराणसीत दोन रुग्णालये सुरू केल्यानंतर पूर्व उत्तर प्रदेशाला मोठा दिलासा मिळाला. बुंदेलखंडासाठी मात्र वाराणसी जवळचे नाही. परिणामी अनेक कुटुंबे अजूनही अकराशे किलोमीटर दूर परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाकडे निघतात. 1941 मध्ये स्थापन झालेल्या या रुग्णालयाभोवती दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा, परळची नाना पालकर स्मृती समिती यांसारख्या संस्थांनी निवाऱ्याची व्यवस्था उभी केली नसती, तर उत्तरेकडून येणाऱ्या रुग्णांना उपचार पूर्ण करणे अशक्य झाले असते. त्या खोल्याही अपुऱ्या पडतात आणि परळच्या पदपथावर अंथरूण टाकलेली कुटुंबे दिसत राहतात. निवारा हा उपचाराचा भाग आहे हे गाडगेबाबांच्या परंपरेतील धर्मशाळेने जेवढे ओळखले तेवढे आरोग्य खात्याच्या नियोजनात अद्याप उतरलेले नाही.

अंतराचा परिणाम उपचाराच्या निवडीवरही होतो, याची चर्चा क्वचितच होते. 1991 मध्ये अमेरिकेतील माजी सैनिकांवर झालेल्या 332 रुग्णांच्या अभ्यासाने स्वरयंत्राच्या प्रगत कर्करोगातही किमोथेरपी व किरणोपचार देऊन 64 टक्के रुग्णांचे स्वरयंत्र वाचवता येते आणि आयुर्मानात फरक पडत नाही, हे दाखवले. तेव्हापासून स्वरयंत्र राखणे हा जगभर मान्य मार्ग झाला. त्याची अट मात्र कडक आहे. रुग्णाने उपचार खंड न पाडता पूर्ण करावे आणि पुढील दोन वर्षे नियमित तपासणीला यावे, म्हणजे रोग उलटला तर वेळीच शस्त्रक्रिया करता येईल. परत येईल की नाही याची खात्री नसलेल्या रुग्णाबाबत शल्यचिकित्सक एकाच खेपेत स्वरयंत्र काढून टाकण्याचा सल्ला देतो, तेव्हा तो वैद्यकीयदृष्ट्या चुकत नसतो. गाठ तेवढीच, अवस्था तीच, तरीही शहरातील रुग्णाचा आवाज राहतो आणि टहरौलीच्या रुग्णाचा जातो. गरिबीचा इतका थेट परिणाम अन्य आजारांत क्वचितच पाहायला मिळतो.

जिल्हा पातळीवरील डे-केअर केंद्राचे स्थान आता तपासता येईल. घशाच्या कर्करोगात दर आठवड्याला दिले जाणारे सिस्प्लॅटिन किरणोपचारासोबतच द्यायचे असल्याने जेथे किरणयंत्र तेथेच ते दिले जाणार. डे-केअरने तो प्रवास वाचणार नाही. लाभ दोन ठिकाणी संभवतो. पहिला उपचारांदरम्यान व नंतर : नळी बदलणे, रक्ततपासणी, जुलाब-उलटीवरील सलाइन यासाठी पुन्हा महानगर गाठावे लागणार नाही. दुसरा लाभ रोग बरा होण्यापलीकडे गेलेल्या रुग्णांना होईल आणि तो लहान नाही. टाटा स्मारक रुग्णालयातील संशोधकांनी 2020 मध्ये मेथोट्रेक्सेट व सेलेकॉक्सिब या स्वस्त गोळ्यांचे परिणाम शिरेतून दिल्या जाणाऱ्या सिस्प्लॅटिनपेक्षा सरस असल्याचे दाखवले. त्यानंतर 151 रुग्णांवरील चाचणीत या प्रकारच्या गोळ्यांना निवोलुमॅब या औषधाच्या अवघ्या 20 मिलिग्रॅम मात्रेची जोड दिली असता वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण 16.3 वरून 43.4 टक्क्यांवर गेले. या औषधाची प्रचलित मात्रा 240 मिलिग्रॅम आहे. तीन आठवड्यांतून एकदा दिले जाणारे हे औषध जिल्हा रुग्णालयातील खुर्चीवर देता येण्याजोगे आहे. ज्या रुग्णांना आज ‘घरी न्या’ एवढेच सांगितले जाते, त्यांच्यासाठी हा खरा फरक ठरेल. त्या यादीत मॉर्फिनचाही समावेश हवा. अमली पदार्थविषयक कायद्यात 2014 मध्ये दुरुस्ती होऊनही ग्रामीण भागात ते दुर्मीळच आहे.

आजाराच्या मुळाशी असलेल्या तंबाखूबाबत धोरणांची दिशा एकसारखी नाही. 2016-17 च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार देशात 28.6 टक्के प्रौढ तंबाखू सेवन करतात. उत्तर प्रदेशात हे प्रमाण 35.5, तर महाराष्ट्रात 26.6 टक्के होते. उत्तर प्रदेशात एप्रिल 2013 पासून गुटखाबंदी आहे. महाराष्ट्राने ती 2012 मध्येच लागू केली. पानमसाला आणि तंबाखू अशा दोन वेगळ्या पुड्या शेजारी टांगून ती बंदी दोन्ही राज्यांत रोज मोडली जाते. आर. आर. पाटील यांचे फेब्रुवारी 2015 मध्ये मुखकर्करोगाने झालेले निधन आणि शरद पवार यांनी स्वतःच्या आजाराविषयी जाहीरपणे केलेले कथन यांमुळे महाराष्ट्रात या विषयाला चेहरा मिळाला. बुंदेलखंडात तो मिळालेला नाही.

घशाच्या खोल भागातील कर्करोगाशी अधिक निगडित असलेली बिडी तर या चर्चेतही मागे पडते. सप्टेंबर 2025 मध्ये जीएसटी परिषदेने एकाच बैठकीत अनेक जीवरक्षक औषधांवरील कर शून्यावर आणला आणि बिडीवरील कर 28 वरून 18 टक्के, तर तेंदूपानांवरील कर 18 वरून 5 टक्के करण्याचे ठरवले. बिडी कामगार आणि तेंदूपाने गोळा करणारे आदिवासी यांच्या उपजीविकेचे कारण त्यामागे देण्यात येते. ते कारण खोटे नाही. तेंदूपाने बुंदेलखंडाच्या जंगलांतूनही जातात. मात्र स्वस्त झालेली बिडी ओढणारा आणि ती वळणारा हे एकाच आर्थिक थरातील लोक आहेत, एवढे त्या युक्तिवादात धरले जात नाही.

स्वरयंत्र काढल्यानंतरचे आयुष्य हा उपचारांच्या हिशेबातून गळणारा शेवटचा भाग. गळ्याला कायमचे छिद्र, त्यातून श्वास आणि शब्दाविना संवाद. निरक्षर रुग्णाला लिहून सांगण्याचा पर्यायही नसतो. मजूर ठेकेदाराशी भाव ठरवू शकत नाही, फोनवर बोलू शकत नाही, रात्री शेतात जनावर शिरले तर हाकही मारू शकत नाही. कर्करोग स्पर्शाने पसरतो या गैरसमजामुळे ताट-पेला वेगळा होतो. गळ्याच्या छिद्रातून येणारा कफ पाहून तो समज आणखी घट्ट होतो. आवाज परत मिळवून देणारी लहानशी कृत्रिम झडप उपलब्ध आहे. परदेशी बनावटीची झडप हजारो रुपयांना पडते व काही महिन्यांनी बदलावी लागते. बेंगळुरूचे शल्यचिकित्सक डॉ. विशाल राव यांनी 2015 च्या सुमारास सुमारे पन्नास रुपये किमतीची ‘ओम’ झडप विकसित केली, तेव्हा तिची देशभर दखल घेतली गेली. झडप बसवण्यासाठी, बदलण्यासाठी आणि बोलण्याचा सराव करून घेण्यासाठी वाचाउपचारतज्ज्ञ जवळ असावा लागतो. पन्नास रुपयांच्या वस्तूपर्यंत पोहोचण्याचा खर्च त्यामुळे कित्येक पटींनी वाढतो.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 च्या परिशिष्टात वाचा व भाषा दिव्यांगत्वाची व्याख्या करताना स्वरयंत्र काढण्याच्या शस्त्रक्रियेचा स्पष्ट उल्लेख आहे. म्हणजे अशा रुग्णाला दिव्यांगत्व प्रमाणपत्र आणि त्यासोबत येणारे लाभ मिळवण्याचा कायदेशीर हक्क आहे. शस्त्रक्रिया करणारे रुग्णालय सुट्टी देताना जो कागद देते त्यात टाके केव्हा काढायचे, नळी कशी धुवायची आणि पुढची तारीख कोणती हे लिहिलेले असते. प्रमाणपत्रासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो, ही ओळ त्या कागदावर सहसा नसते. अर्जानंतर रुग्णाला जिल्ह्याच्या वैद्यकीय मंडळासमोर उभे राहावे लागते. ते मंडळ जिल्ह्याच्या ठिकाणी, झाशीत बसते.